मार्च आणि जून क्वार्टरचा फोरकास्ट दरवर्षी हुकतोय? आधी पाडवा बाजूला काढा, मग ट्रेंड लावा

लक्षण असं असतं. शीटमध्ये तीन-चार वर्षांचा क्वार्टरवाइज सेल आहे, ट्रेंडचा फॉर्म्युला लावलाय, त्याला सीझनल इंडेक्सने (तो क्वार्टर सरासरी क्वार्टरच्या किती पट असतो तो आकडा) गुणलंय, सप्टेंबर आणि डिसेंबर क्वार्टर बऱ्यापैकी जुळतात पण जून (म्हणजे एप्रिल ते जून) आणि मार्च (जानेवारी ते मार्च) मात्र दरवर्षी हुकतात, आणि तेही एका दिशेने नाही, एका वर्षी आकडा जास्त निघतो तर दुसऱ्या वर्षी कमी. मग कोणीतरी वैतागून इंडेक्स हाताने बदलतं, पुढच्या वर्षी तोच बदललेला इंडेक्स उलट्या बाजूला चुकतो, आणि शेवटी मालक म्हणतात राहू दे ते एक्सेल, मी माझ्या अंदाजाने माल भरतो.

पुण्यात एसी-फ्रिजची दुकानं, टू-व्हीलरचे डीलर, फर्निचरवाले, सोन्याचे व्यापारी, म्हणजे ज्यांचा धंदा मुहूर्तावर फिरतो त्या सगळ्यांच्या शीटमध्ये हा प्रॉब्लेम मी बघत आलोय, आणि कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघतं. फॉर्म्युला बरोबर असतो. तो धरून चालतो की दरवर्षीचा जून क्वार्टर सारखाच आणि दरवर्षीचा मार्च क्वार्टर सारखाच. आपला गुढीपाडवा मात्र ३१ मार्चच्या रेषेच्या कधी अलीकडे पडतो कधी पलीकडे, आणि ते एक्सेलला कोणी सांगितलेलं नसतं.

फॉर्म्युल्यांची आणि शीटमधल्या चौकटींची नावं इथे मी मराठी अक्षरात लिहितोय, शीटमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजीत टाका.

पाडव्याकडे जाण्याआधी काही साध्या गोष्टी तपासून घ्या, कारण त्यातलं एखादं गंडलेलं असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. सगळ्यात जास्त आढळणारी म्हणजे क्वार्टरची गफलत. पिव्होट टेबलमध्ये तारखांवर राइट क्लिक करून ग्रुप केलं आणि क्वार्टर निवडलं की एक्सेल जानेवारी-मार्चला पहिला क्वार्टर म्हणतं, आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे आपला पहिला क्वार्टर तिथे दुसरा दिसतो आणि मार्च क्वार्टर पुढच्या वर्षाच्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यापेक्षा एक वेगळा कॉलम करा आणि त्यात चूज(मंथ(ए२),४,४,४,१,१,१,२,२,२,३,३,३) टाका, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याचा आपला क्वार्टर नंबर त्यातून मिळतो आणि कोणालाही वाचून लगेच कळतो. वर्षासाठी पण तसंच, महिना चारपेक्षा लहान असेल तर कॅलेंडर वर्षातून एक वजा करायचं.

दुसरं, टॅलीतून, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून, सेल्स रजिस्टर एक्स्पोर्ट केल्यावर तारखा कधी कधी टेक्स्ट म्हणून येतात, दिसतात तारखेसारख्या पण चौकटीच्या डाव्या बाजूला चिकटलेल्या असतात, त्यावर मंथ लावलं की एरर येतो किंवा दिवस-महिना उलटा होतो. टेक्स्ट टू कॉलम्समध्ये जाऊन डीएमवाय निवडलं की सुटतं. तिसरं, आकडा जीएसटी सोडून घ्या, टॅक्सेबल व्हॅल्यू, आणि परत आलेला माल वजा करून. रेट बदलला की बिलाची रक्कम बदलते आणि फॉर्म्युल्याला वाटतं मागणीच बदलली. जमत असेल तर रुपयांच्या ऐवजी नग घ्या, किमती नंतर लावता येतात.

चौथी गोष्ट जरा मोठी आहे. ट्रेंड किंवा फोरकास्ट डॉट लिनिअर हे थेट कच्च्या सेलवर लावायचं नसतं. ते फक्त एक सरळ रेषा ओढतात, त्यांना दिवाळी माहीत नाही उन्हाळा माहीत नाही. समजा तुमचा डेटा दिवाळीच्या डिसेंबर क्वार्टरपासून सुरू होतो आणि सप्टेंबर क्वार्टरला संपतो, तर रेषेची सुरुवात उंचावर आणि शेवट खड्ड्यात, म्हणजे चांगला वाढणारा धंदासुद्धा रेंगाळलेला दिसणार. म्हणून क्रम असा: आधी सीझनल इंडेक्स काढायचा, सेलला त्या इंडेक्सने भागायचं, जो सपाट झालेला आकडा मिळेल त्यावर ट्रेंड लावायचा, आणि पुढच्या क्वार्टरचा ट्रेंड आला की परत इंडेक्सने गुणायचं. भागायचं विसरून नुसतं गुणणारे लोक भरपूर आहेत, त्यांच्याकडे दिवाळी दोनदा मोजली जाते.

इंडेक्स काढायला पण लोक शॉर्टकट मारतात, सगळ्या जून क्वार्टरची सरासरी भागिले एकूण सरासरी. धंदा वाढता असेल तर यात वाढ इंडेक्समध्ये घुसते, वर्षाचा शेवटचा क्वार्टर उगाच थोडा मोठा दिसतो आणि पहिला थोडा लहान. नीट पद्धत म्हणजे सेंटर्ड मूव्हिंग ॲव्हरेज. चार क्वार्टरची सरासरी दोन क्वार्टरच्या मधे पडते, म्हणून पाच क्वार्टर घ्यायचे, पहिला आणि पाचवा अर्धा-अर्धा, मधले तीन पूर्ण, आणि बेरजेला चारने भागायचं. विक्रीचे आकडे बी२ पासून खाली असतील तर चौथ्या ओळीत (बी२/२+बी३+बी४+बी५+बी६/२)/४, आणि खाली ओढायचं. मग त्या त्या क्वार्टरचा सेल भागिले ही सरासरी, हा झाला रेशो. एकाच नावाच्या क्वार्टरच्या सगळ्या रेशोंची सरासरी म्हणजे इंडेक्स. चारही इंडेक्सची बेरीज ४ यायला पाहिजे, ४.०३ वगैरे आली तर प्रत्येकाला ४ भागिले ती बेरीज याने गुणून घ्या, नाहीतर वर्षाचा एकूण आकडा गुपचूप फुगतो.

आता हे सगळं बरोबर करूनही जून-मार्च चुकत असेल तर सरासरी काढायच्या आधीचे जे रेशो आहेत ना, ते बघा. रोगाचं निदान तिथेच होतं, आणि बरेच लोक तो कॉलम हाइड करून ठेवतात. सप्टेंबर क्वार्टरचे रेशो दरवर्षी जवळजवळ सारखे, आणि जून-मार्चचे मात्र एका वर्षी वर एका वर्षी खाली, आणि जेव्हा जून वर असतो त्याच वर्षी आधीचा मार्च खाली असतो, असं दिसलं की समजायचं काहीतरी एका क्वार्टरमधून दुसऱ्यात उड्या मारतंय.

पाडव्याच्या तारखा लिहून काढा. २०२२ मध्ये २ एप्रिल, २०२३ मध्ये २२ मार्च, २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च, २०२६ मध्ये १९ मार्च, २०२७ मध्ये ७ एप्रिल. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून पाडवा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि अधिक मास आला की पुढचा पाडवा एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातो. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. आता याच तारखा आर्थिक वर्षात बसवून बघा. २०२२-२३ मध्ये दोन पाडवे येतात, एक एप्रिलमध्ये एक मार्चमध्ये. २०२३-२४ मध्ये एकही नाही. २०२४-२५ मध्ये परत दोन. २०२५-२६ मध्ये एक. आणि २०२६-२७ मध्ये परत एकही नाही, कारण १९ मार्च २०२६ आधीच्या वर्षात गेला आणि ७ एप्रिल २०२७ पुढच्या वर्षात.

साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त एखाद्या वर्षात दोनदा आणि एखाद्या वर्षात शून्य वेळा, आणि आपण त्या वर्षांची तुलना करून ग्रोथ काढतो, सेल्समनचं टार्गेट ठरवतो, बँकेला प्रोजेक्शन देतो. हे मला मनापासून खटकतं, कारण पाडवा नसलेल्या वर्षात पोरांनी जीव तोडून काम केलं तरी ग्रोथ कमी दिसते आणि इन्सेंटिव्ह कापला जातो, त्यात त्यांची काहीच चूक नसते.

आकडे घेऊन बघू. हे समजून घ्यायला बनवलेलं उदाहरण आहे, कुठल्या दुकानाचे खरे आकडे नाहीत. कोथरूडसारख्या भागातलं एक अप्लायन्सचं दुकान, सेल लाखात, एप्रिल २०२२ पासून बारा क्वार्टर: १२२, ८८, १२७, १०२, मग १२१, ९५, १३७, ९९, मग १४०, १०२, १४६, ११५. वर्षाच्या बेरजा ४३९, ४५२, ५०३. म्हणजे २०२३-२४ ची वाढ ३ टक्के आणि २०२४-२५ ची ११ टक्के. मीटिंगमध्ये पहिल्या आकड्यावर सगळे गप्प बसणार आणि दुसऱ्यावर पेढे वाटले जाणार.

आता याच दुकानाचा पाडव्याचा जादाचा सेल दरवेळी १० लाख धरू आणि ज्या क्वार्टरमध्ये पाडवा होता त्यातून तो काढू. पहिला १२२ चा ११२ होतो, चौथा १०२ चा ९२, नववा १४० चा १३० आणि बारावा ११५ चा १०५. बेरजा आल्या ४१९, ४५२, ४८३. वाढ ७.९ टक्के आणि ६.९ टक्के. म्हणजे धंदा तर सरळ एका चालीत चाललेला, आणि खरं बघितलं तर ज्या वर्षी पेढे वाटले त्या वर्षी वेग किंचित कमीच झाला होता.

रेशो बघा म्हणजे पटेल. पाडवा न काढता जून क्वार्टरचे दोन रेशो येतात १.०८ आणि १.१६, मार्चचे येतात ०.९२ आणि ०.८३. याची सरासरी काढली की जूनचा इंडेक्स १.१२ आणि मार्चचा ०.८८, आणि हे दोन्ही आकडे कुठल्याच वर्षाला लागू पडत नाहीत, पाडवा असलेल्या क्वार्टरला कमी पडतात आणि नसलेल्याला जास्त होतात. पाडवा काढल्यावर जूनचे दोन्ही रेशो १.१०, मार्चचे दोन्ही ०.८५, सप्टेंबर ०.८५, डिसेंबर १.२०. बेरीज ४.

पुढचा फोरकास्ट. पाडवा काढलेला सेल इंडेक्सने भागून ट्रेंड लावला की एप्रिल-जून २०२५ साठी १२६ च्या आसपास येतो, गुणिले १.१० म्हणजे १३९, आणि त्या क्वार्टरमध्ये पाडवा नाही म्हणून वर काही मिळवायचं नाही. जुन्या पद्धतीने हाच आकडा १४४ येतो. जानेवारी-मार्च २०२६ ला ट्रेंड १३२ गुणिले ०.८५ म्हणजे ११२, अधिक पाडव्याचे १०, म्हणजे १२२, जुन्या पद्धतीने ११९. आणि जानेवारी-मार्च २०२७ ला पाडवाच नाही, तिथे (फरक दाखवण्यापुरतं इतकं पुढे बघतोय) नवीन पद्धत ११९ म्हणते आणि जुनी १२६. सात लाखांचा फरक, तो गोडाऊनमध्ये मालाच्या रूपात पडून राहतो आणि ओडीचं (बँक ओव्हरड्राफ्टचं) व्याज चालू राहतं.

इथे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, की हे १० लाख आणायचे कुठून. पाडव्याच्या दिवशीचा सगळा सेल काढून टाकायचा असं बिलकुल नाही, त्या दिवशी साध्या गुरुवारीसुद्धा काहीतरी विकलंच असतं. टॅलीतून दिवसवार सेल काढा, पाडव्याच्या साधारण दोन-तीन आठवडे आधीपासून नंतर दोन आठवड्यांपर्यंत, आणि त्यातून तेवढ्याच दिवसांचा नेहमीचा सेल वजा करा, नेहमीचा म्हणजे त्याच सीझनमधले पाडव्याचा प्रभाव नसलेले आठवडे, वार जुळवून, कारण शनिवार-रविवारचा सेल वेगळा असतो. उरेल तो जादाचा. ही खिडकी, म्हणजे मोजायचा काळ, नंतरच्या दोन आठवड्यांपर्यंत ठेवायची कारण असं की पाडव्याला एसी घेणाऱ्यातले बरेच जण तो एप्रिलच्या उन्हात घेणारच होते, त्यांनी मुहूर्त साधला इतकंच, मग पाडव्यानंतर आठ-दहा दिवस दुकान थंड असतं. तो खड्डा पण हिशोबात घेतला नाही तर पाडव्याचा आकडा फुगवून धरला जातो. मुहूर्ताच्या आधीचे काही दिवस पण थंड असतात, लोक बघून जातात, भाव काढून जातात आणि थांबतात, ते पण खिडकीत यायला हवेत.

पाडवा ३१ मार्चच्या अगदी जवळ असेल तर सगळा सेल एका क्वार्टरला चिकटवू नका. २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याची बरीच बिलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फाटलेली असू शकतात. ३० मार्च २०२५ चा पाडवा रविवारी होता, बुकिंग त्या दिवशी आणि बिल-डिलिव्हरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असं काहींकडे झालेलं असणार. म्हणून शीटमध्ये सेलच्या शेजारी पाडवा हिस्सा असा एक कॉलम ठेवा, ज्यात ० ते १ मधला आकडा असेल, ०.३ मार्चला ०.७ जूनला असा, बिलाच्या तारखेवरून. ९ एप्रिल किंवा १९ मार्चसारख्या तारखांना सरळ १ टाकलं तरी फार बिघडत नाही.

आणि तुम्ही दुकानदार नसून डिस्ट्रिब्युटर असाल तर तारखा वेगळ्याच लागतात. दुकानदार मुहूर्ताच्या दहा-पंधरा दिवस आधी माल उचलतो, म्हणजे ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्याचा तुमचा सेल मार्चअखेरीलाच होऊन गेला, त्यात कंपनीचं वर्षअखेरीचं टार्गेट असलं की आणखीच. तपकीर गल्लीतल्या (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) काउंटरवर जो आकडा एप्रिलचा दिसतो तोच होलसेलवाल्याच्या वहीत मार्चचा असतो. दिवाळीचं पण तसंच आहे, रिटेलवाल्याला दिवाळी कायम डिसेंबर क्वार्टरमध्येच मिळते, पण २०२२ ची दिवाळी २४ ऑक्टोबरला आणि २०२३ ची १२ नोव्हेंबरला होती, तर डिस्ट्रिब्युटरचा माल पहिल्या वर्षी सप्टेंबरपासूनच निघाला असणार आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे ३० सप्टेंबरच्या रेषेवर तीच उडी आहे. दसऱ्याचा थोडा त्रास रिटेललाही होतो. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता, घटस्थापना २२ सप्टेंबरला, म्हणजे जवळजवळ अख्खं नवरात्र सप्टेंबर क्वार्टरमध्ये, आणि २०२३ ला घटस्थापनाच १५ ऑक्टोबरची. गणपती आणि अक्षय्य तृतीया क्वार्टरची रेषा ओलांडत नाहीत, क्वार्टरवाइज शीटमध्ये त्यांना हात लावायची गरज नाही. महिनावार शीट असेल तर लागेल, २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला बसले आणि २०२३ चे १९ सप्टेंबरला.

ज्यांना दिवसवार आकडे मिळतच नाहीत त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे. ट्रेंड आणि लिनेस्ट (रेषेमागचे आकडे सुटे काढून देणारं एक्सेलचं फंक्शन) हे दोन्ही एकापेक्षा जास्त कॉलम घेतात. पहिल्या कॉलममध्ये क्वार्टरचा क्रमांक १, २, ३, मग सप्टेंबर-डिसेंबर-मार्चसाठी तीन ०-१ चे कॉलम (जूनसाठी करायचा नाही, तो आपोआप पाया धरला जातो, चारही केले तर एक कॉलम फाजील ठरतो), आणि पाचवा पाडवा हिस्सा. लिनेस्ट लावलं की पाडव्याचा परिणाम किती लाखांचा ते तोच काढून देतो. एक लक्षात ठेवा, लिनेस्टचे आकडे उलट्या क्रमाने येतात, शेवटच्या कॉलमचा आकडा सगळ्यात आधी आणि स्थिरांक सगळ्यात शेवटी, बऱ्याच शीटमध्ये पाडव्याचा आकडा म्हणून भलताच उचललेला असतो. बारा क्वार्टरवर सहा आकडे काढणं म्हणजे जरा ताणलेलं आहे, पाच-सहा वर्षांचा डेटा असेल तर जास्त भरवसा ठेवता येईल, आणि आलेला आकडा दुकानातल्या जुन्या माणसाला विचारून घ्या, त्याला पाडव्याला किती जादा विकतं ते बरोबर माहीत असतं.

आता खूप जण म्हणतील एवढं कशाला, एक्सेल २०१६ पासून फोरकास्ट डॉट ईटीएस हे सीझन धरून अंदाज काढणारं फंक्शन आहे, डेटा टॅबमध्ये फोरकास्ट शीटचं बटण आहे, दाबलं की झालं. चांगलं साधन आहे आणि वापरा, पण पाडवा काढलेल्या आकड्यांवर, कारण त्यालाही ठरावीक लांबीचं ऋतुचक्र लागतं आणि सरकणारा सण त्याला कळत नाही. सीझनॅलिटीच्या जागी काही लिहिलं नाही तर ते स्वतः चक्र शोधायला जातं, थोडक्या डेटात ते भलतंच काढू शकतं, तुम्ही सरळ ४ लिहा. फोरकास्ट डॉट ईटीएस डॉट सीझनॅलिटी लावून त्याला काय सापडलं ते बघता पण येतं. टाइमलाइनला समान अंतर पाहिजे, मी १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी अशाच तारखा टाकतो, अंतर जुळलं नाही की नम एरर येतो. एकच तारीख दोनदा आली तर न सांगता सरासरी घेतं, म्हणजे दोन ब्रँचचे आकडे एकाखाली एक पेस्ट केले असतील तर बेरजेच्या ऐवजी सरासरीवर फोरकास्ट येईल आणि तो जवळपास अर्धा दिसेल, शेवटच्या ॲग्रिगेशनच्या जागी ७ लिहिलं की बेरीज घेतं.

शिवाय हे फंक्शन सीझन मिळवतं, गुणत नाही. दिवाळीला २० लाख जास्त असं ते शिकतं, २० टक्के जास्त असं नाही. सेल दुप्पट-तिप्पट झालेल्या धंद्यात हे कमी पडतं, तिथे सेलचा एलएन (लॉगरिदम) घेऊन त्यावर फोरकास्ट काढा आणि शेवटी ईएक्सपी (त्याचं उलटं) लावा. गुगल शीट्समध्ये ईटीएस नाही, तिथे वरची इंडेक्सवाली पद्धतच वापरावी लागते, लिब्रेऑफिसमध्ये मात्र मिळवणारं आणि गुणणारं अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत.

पाडव्यासारख्या परत परत येणाऱ्या गोष्टीचं झालं, पण काही गोष्टी एकदाच होतात आणि त्यांना इंडेक्समध्ये शिरू द्यायचं नाही. एप्रिल-जून २०२० हा क्वार्टर लॉकडाऊनचा, तो सरासरीत ठेवला तर जूनचा इंडेक्स अजून कित्येक वर्षं खाली ओढला जाईल. तो रेशो सरासरीतून वगळा, आणि सेलच्या जागी शेजारच्या क्वार्टरवरून काढलेला अंदाज टाका, वेगळ्या रंगात, म्हणजे तो खरा आकडा नाही हे पुढच्याला कळेल. २०२५ चा जून क्वार्टर पण बघून घ्या, त्या वर्षी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला पुण्यात पोचला, मे महिनाभर आधीच वळीव चालू होता, एसी-कूलरवाल्यांचा सीझन अर्धवट राहिला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचाच्या वरचे टीव्ही २८ वरून १८ टक्के जीएसटीत आले, ३५० सीसीपर्यंतच्या टू-व्हीलर पण. १५ ऑगस्टला घोषणा झाल्यावर गिऱ्हाईक थांबलं, आणि २२ तारखेला रेट कमी आणि घटस्थापना एकाच दिवशी. त्या सप्टेंबर क्वार्टरमध्ये खड्डा आणि उसळी दोन्ही आहेत, बेरीज कदाचित नेहमीसारखीच दिसेल, पण एसीचा आणि फ्रिजचा आकडा वेगळा काढलात तर चित्र वेगळं दिसेल, कारण फ्रिज आणि वॉशिंग मशीन २०१८ पासूनच १८ टक्क्यांत होते, त्यांच्यासाठी थांबायचं काही कारण नव्हतं. म्हणून प्रॉडक्ट ग्रुपप्रमाणे वेगळा फोरकास्ट करून मग बेरीज करा असं मी आग्रहाने सांगतो, कूलर आणि गीझर एका इंडेक्सवर चालवणं मला तरी पटत नाही.

मोह मात्र आवरा. प्रत्येक कमी आलेल्या क्वार्टरला काही ना काही कारण सापडतंच, आणि सगळेच आकडे दुरुस्त करत बसलात तर शेवटी तुमच्या मनातली रेषा उरते. ज्याची तारीख आणि कारण कागदावर दाखवता येतं तेवढंच काढायचं.

दुरुस्ती जमली की नाही ते तपासायला शेवटचे चार क्वार्टर झाकून ठेवा, त्याआधीच्या डेटावर पूर्ण पद्धत चालवा आणि झाकलेल्या आकड्यांशी ताडून बघा, टक्क्यांतला फरक चिन्ह सोडून घ्यायचा आणि चारांची सरासरी काढायची. मूव्हिंग ॲव्हरेजमध्ये पहिले दोन आणि शेवटचे दोन क्वार्टर रेशोशिवाय राहतात, म्हणून झाकल्यावर निदान बारा क्वार्टर शिल्लक असायला हवेत. सोबत एक साधा अंदाज पण ठेवा, मागच्या वर्षीचा तोच क्वार्टर गुणिले गेल्या वर्षीची वाढ, दोन्ही आकडे पाडवा काढून. एवढी खटपट करून तुमची शीट त्या साध्या अंदाजापेक्षा वाईट येत असेल तर साधा अंदाजच वापरा, त्यात कमीपणा काही नाही. आणि रेषा चार क्वार्टरच्या पुढे ओढू नका, दर क्वार्टरला नवीन आकडा टाकून परत चालवा.

राहता राहिलं टार्गेटचं. २०२६-२७ साठी टार्गेट लावताना पाडवा हिस्सा कॉलममध्ये चारही क्वार्टरला ० येईल आणि एकूण आकड्यातली वाढ लहान दिसेल, मालकांना ते आवडणार नाही. त्यांना दोन ओळी वेगळ्या दाखवा, पाडव्याशिवायचा सेल आणि पाडव्याचा सेल, वाढ पहिल्या ओळीवर काढा आणि इन्सेंटिव्ह पण त्याच ओळीवर बांधा. मार्च २०२७ च्या खरेदीची ऑर्डर देताना पाडव्याचा माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यासाठी वेगळा धरा, म्हणजे कंपनीचा माणूस ३१ मार्चच्या आधी माल टाकायला आला तरी त्याच्याशी बोलताना तुमच्या हातात आकडा असेल.